वाळवंटातील नगरी आणि तिची दाटी

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, ॲरिझोना राज्यात, फीनिक्स नावाचे महानगर आहे. तेथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो अवघा सात-आठ इंच. पर्जन्यमानाच्या दृष्टीने आपले जैसलमेर आणि ते सख्खी भावंडेच म्हणावयाची. अशा या रखरखीत प्रदेशात २०२० च्या शिरगणतीत १६,०८,१३९ माणसे मोजली गेली, आणि भोवतालची उपनगरे धरली तर ही संख्या ४८ लाखांवर गेली. हे शहर तेथे वसले कसे, याचे उत्तर सोपे आहे : पाटाच्या पाण्यावर. परंतु ते आधी इतके ऐसपैस पसरले आणि आता आतल्या आत दाट होऊ लागले, हे कशामुळे, याचे उत्तर तितकेसे सरळ नाही.

सॉल्ट नदीच्या खोऱ्यात होहोकम नावाचे लोक सुमारे हजार वर्षे राहत होते. त्यांनी शेकडो मैल लांबीचे कालवे हातांनी खणले होते. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्यांची गावे ओस पडली. कालव्यांच्या खुणा मात्र राहिल्या. १८६७ साली जॅक स्विलिंग याने कंपनी काढून त्याच जुन्या चरांच्या आधाराने पुन्हा पाणी खेळविले, आणि पुढील वर्षी शेतकऱ्यांची वस्ती उभी राहिली. राखेतून पुन्हा जन्म घेणाऱ्या पुराणपक्ष्याचे नाव तिला मिळाले, ते या जुन्या नगरीच्या आठवणीनेच. १९११ साली रूझवेल्ट धरण पुरे झाले आणि पाण्याची शाश्वती आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या शेतकी गावाचा कायापालट झाला. कारखाने आले, हवा थंड करणारी यंत्रे घरोघर पोहोचली, आणि मोटार तर प्रत्येकाच्या दारी होतीच. कापसाचे वा संत्र्यांचे एक-एक शेत विकले जाई आणि तेथे एकमजली घरांची रांग उठे. मौज अशी की, यामुळे पाण्याची ओढ फारशी जाणवली नाही; कारण भिजवणीच्या शेताला जेवढे पाणी लागे, त्याहून कमी पाणी त्या जागेवरील घरांना पुरे. वाळवंट असूनही शहराच्या पसरण्याला पाण्याने अटकाव केला नाही, तो यामुळे.

येथे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. १९५० साली फीनिक्सची वस्ती १,०६,८१८ आणि क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस मैल होते. १९६० साली वस्ती ४,३९,१७० झाली, पण क्षेत्रफळ १८७ चौरस मैलांवर गेले. म्हणजे लोकसंख्या चौपट आणि भूमी अकरापट! दर चौरस मैली सहा हजारांवर असलेली माणसे अडीच हजारांच्याही खाली आली. आज सुमारे ५१८ चौरस मैलांत ही सरासरी तीन हजारांच्या आसपास भरते. त्यात डोंगर आणि राखीव रान मोजले आहे हे खरे. तथापि ज्या दाटीची आज तेथे एवढी चर्चा होते, ती १९५० सालच्या निम्मीच आहे, हे तिच्या विरोधकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

या पसरण्याची किंमत मध्यवस्तीने मोजली. १९५७ साली शहराच्या उत्तरेस एका गवळीवाड्याच्या जमिनीवर पार्क सेंट्रल नावाची विस्तीर्ण बाजारपेठ उघडली, आणि जुन्या पेठेतील मोठी दुकाने हळूहळू तिकडे सरकली. रेल्वेमार्गाच्या दक्षिणेस राहणाऱ्या मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना सावकारी पेढ्या घरांसाठी कर्ज देत नसत. त्यांना पसरण्याचा मार्गच नव्हता. पुढे विमानतळाच्या विस्तारासाठी त्यांच्यापैकी गोल्डन गेट ही अख्खी वस्ती नगरपालिकेने विकत घेऊन पाडली. रहिवाशांनी स्वतः उभारलेले सेक्रेड हार्ट हे चर्च तेवढे वाचले. मोकळ्या माळावर ते एकटेच उभे राहिले, आणि विखुरलेली कुटुंबे कित्येक वर्षे केवळ नाताळच्या दिवशी तेथे एकत्र येत राहिली. पुनर्रचना या शब्दाकडे तेथील जुनी माणसे संशयाने पाहतात, त्याला हा इतिहास कारण आहे.

वारे फिरले ते दोन बाजूंनी. १९८० च्या भूजल कायद्याने नव्या वसाहतींना शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखविणे भाग पडले. कोलोरॅडो नदीचे पाणी ३३६ मैलांच्या कालव्याने आणले गेले खरे. पण २०२१ साली त्या नदीवर प्रथमच तुटवडा जाहीर झाला, आणि २०२३ साली केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवाने देणे राज्याने थांबविले. दुसरीकडे मतपेटी होती. लोकल रेल्वेसारख्या योजना पूर्वी मतदारांनी फेटाळल्या होत्या. २००० साली त्यांनी त्यासाठी कर मान्य केला, आणि २००८ च्या डिसेंबरात वीस मैलांचा मार्ग सुरू झाला. त्याच्या कडेने पडीक भूखंडांवर बहुमजली इमारती चढू लागल्या. विद्यापीठाचे एक केंद्र २००६ सालीच मध्यवस्तीत आले होते. पार्क सेंट्रलचीही बाजारपेठ ओसरून तेथे कचेऱ्या आणि राहती घरे झाली. २०१९ साली रेल्वेचा विस्तार बंद करावा असा ठराव मतदानाला आला. दक्षिण फीनिक्समधील काही दुकानदारांना रस्ता अरुंद होण्याची आणि भाडी चढण्याची धास्ती होती. ती निराधार नव्हती. ठराव पडला, आणि २०२५ च्या जूनमध्ये गाडी दक्षिणेस पोहोचली. २०२४ च्या एका कायद्याने मोठ्या शहरांना मध्यवस्तीलगत दोन ते चार बिऱ्हाडांच्या इमारतींना परवानगी देणे बंधनकारक केले.

मात्र खरी कसोटी उन्हाची आहे. २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून वर होता. त्या वर्षी एकट्या मॅरिकोपा परगण्यात उष्म्याशी निगडित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत बेघरांचा वाटा मोठा होता. दाट वस्ती म्हणजे पायी चालणारी वस्ती, आणि अशा उन्हात स्थानकापर्यंतचा पाव मैल हीदेखील जोखीम असते. जुन्या मोहल्ल्यांत अजूनही उन्हाळ्यात ठरावीक दिवसांनी पाटाचे पाणी अंगणात सोडतात. तेथील जुन्या झाडांची गर्द छाया त्या पाण्यावर पोसलेली आहे. असे अंगण मोडून तेथे चार बिऱ्हाडे बांधली की पाणी वाचते, घरे वाढतात, आणि झाड जाते. नगरपालिकेने २०१० साली शहराच्या चौथ्या हिश्शावर वृक्षछाया आणण्याचा संकल्प केला होता. २०२४ साली त्याऐवजी नवी योजना स्वीकारावी लागली. तीत झाडांबरोबर बांधीव छपरांचाही हिशेब आहे, आणि सावली प्रथम द्यावयाची ती जेथे ती सर्वांत कमी आहे अशा गरीब वस्त्यांना, असे ठरविण्यात आले आहे.