ध्वनिमुद्रिकांची तुलना आणि साधनचिकित्सा : पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या संग्राहकांचे इतिहासलेखनातील स्थान

प्रस्तावना :

इतिहासलेखन साधनांवर उभे असते आणि साधने प्रथम कोणीतरी जमवावी लागतात. ही गोष्ट महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. बखरींतील कथन अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासून पाहण्याची शिस्त मराठी इतिहासलेखनात त्यातूनच दृढ झाली. विसाव्या शतकाने इतिहासकाराच्या हाती आणखी एक साधन दिले. ते म्हणजे ध्वनिमुद्रिका. परंतु इतिहासाच्या वर्गात ध्वनिमुद्रिकेकडे बहुधा रंजनाची वस्तू म्हणूनच पाहिले जाते. परिणामी ती जमविण्याचे, ओळखण्याचे आणि एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम प्रामुख्याने हौशी संग्राहकांनी केले.

प्रस्तुत लेखात पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या, विशेषतः बेथोव्हनच्या सिंफनींच्या, ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्या संग्राहकांच्या तुलनापद्धतीचा विचार केला आहे. ही तुलना केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नसून ती मूलतः साधनचिकित्सा आहे आणि साधनचिकित्सेच्या मर्यादाही तिला लागू पडतात, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

तुलनेचा आधार :

हिंदुस्थानी संगीतात बंदिश ही मांडणीचा आधार असते. गायक तिचा विस्तार आपल्या घराण्यानुसार व प्रतिभेनुसार करतो. पाश्चात्त्य सिंफनीत मात्र प्रत्येक वाद्याने कोणता स्वर किती काळ वाजवावयाचा हे रचनाकाराने लिहून ठेवलेले असते. वाद्यवृंदाचा संचालक, म्हणजेच कंडक्टर, स्वतः एकही स्वर वाजवीत नाही. लय, विराम, स्वरांचा जोर आणि वाद्यांतील समतोल यांचा निर्णय तो करतो. संहिता समान असल्यामुळे दोन मुद्रणांत जाणवणारा फरक हा बव्हंशी सादरीकरणाचा फरक ठरतो. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवून पाठभेद नोंदविणाऱ्या संपादकाचे आणि एकाच सिंफनीच्या अनेक मुद्रिका ऐकणाऱ्या संग्राहकाचे काम या अर्थाने समांतर आहे.

बेथोव्हनची पाचवी सिंफनी या दृष्टीने उपयुक्त उदाहरण होय. तिचे पहिले सादरीकरण २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्ना येथे झाले. पुढे १८१७ मध्ये बेथोव्हनने आपल्या तोवरच्या आठही सिंफनींसाठी मेट्रोनोम या लयमापक यंत्राचे आकडे प्रसिद्ध केले. पाचवीच्या पहिल्या भागासाठी अर्धस्वराच्या मिनिटाला १०८ मात्रा, अशी ती नोंद आहे. आरंभीच्या चार स्वरांपैकी शेवटच्या स्वरावर विरामचिन्ह आहे. परंतु तो किती काळ लांबवावा हे लिहिलेले नाही. लिखित आज्ञा कोठे संपते आणि संचालकाचा अधिकार कोठे सुरू होतो, हे पहिल्या काही क्षणांतच ऐकू येते.

बाह्य परीक्षण : मुद्रिका कोणाची, केव्हाची ?

कागदपत्राच्या बाबतीत इतिहासकार प्रथम कागद, शाई, हस्ताक्षर व शिक्का तपासतो. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत हेच काम कंपनीची चिठ्ठी, तबकडीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक आणि मुद्रणाचे तंत्र यांच्या साहाय्याने होते. आर्थर निकिश यांनी बर्लिन फिल्हार्मोनिक वाद्यवृंदासह नोव्हेंबर १९१३ मध्ये पाचवी सिंफनी संपूर्ण मुद्रित केली. ती तबकड्यांच्या आठ बाजूंवर सामावली होती. त्या काळी विद्युत ध्वनिग्राहक नव्हता. वादकांना कर्ण्यासमोर दाटीने बसावे लागे आणि खर्जातील वाद्यांचा आवाज तबकडीवर नीट उमटत नसे. त्यामुळे या मुद्रिकेतील क्षीण खर्ज हा निकिश यांच्या अभिरुचीचा पुरावा नसून तंत्राचा परिणाम आहे. लयीतील बदल मात्र तंत्राने निर्माण केलेले नाहीत, ते संचालकाचेच मानावे लागतात. साधन काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, यांतील हा भेद जुन्या मुद्रिका सातत्याने ऐकणाऱ्या संग्राहकांना सरावाने साध्य झाला.

गतीच्या तपासणीत आणखी एक अडचण असते. तबकडी ठरलेल्या वेगाहून जलद फिरली तर लय वाढते आणि स्वरही चढतो. विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर यांनी डिसेंबर १९४४ मध्ये व्हिएन्ना फिल्हार्मोनिकसह बेथोव्हनची तिसरी सिंफनी, ‘इरोइका’, नभोवाणीसाठी चुंबकीय फितीवर मुद्रित केली. तिची दीर्घवादन तबकडी १९५३ मध्ये अमेरिकेतील युरेनिया कंपनीने संचालकाच्या संमतीविना बाजारात आणली आणि फुर्टव्हेंग्लर यांनी तिच्याविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली. ही तबकडी मूळ स्वरापेक्षा चढ्या स्वरात उमटत असे. तिच्यावरून या वादनाची गती मोजणारा श्रोता साहजिकच फसला असता. स्वर मूळ पट्टीवर आणल्यावाचून लयीविषयी विधान करू नये, हा संग्राहकांचा नियम अशा अनुभवांतून आलेला आहे.

बाह्य परीक्षणाचे महत्त्व बनावट वा चुकीच्या नावाच्या मुद्रिकांमध्ये अधिक स्पष्ट होते. रुमानियाचे पियानोवादक दिनू लिपाती यांचे १९५० मध्ये अकाली निधन झाले. पुढे १९६० च्या दशकात शोपँच्या पहिल्या पियानो कन्चेर्तोची एक मुद्रिका त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली व नावाजली गेली. १९८१ मध्ये ती नभोवाणीवरून ऐकविली गेल्यानंतर एका श्रोत्याला दुसऱ्या एका तबकडीशी तिचे साम्य जाणवले. तपासाअंती ते वादन पोलंडच्या हालिना चेर्नी-स्टेफान्स्का यांचे असल्याचे सिद्ध झाले. संस्थांच्या नजरेतून निसटलेली चूक कान तयार असलेल्या एका श्रोत्याने पकडली.

जॉयस हॅटो यांचे प्रकरण याहून गंभीर आहे. या ब्रिटिश पियानोवादिकेच्या नावे तिच्या पतीच्या कंपनीने शंभरांहून अधिक तबकड्या प्रसिद्ध केल्या. अनेक समीक्षकांनी तिचा गौरव केला. फेब्रुवारी २००७ मध्ये असे उघड झाले की, या तबकड्या इतर वादकांच्या मुद्रणांवरून तयार केलेल्या होत्या आणि काही ठिकाणी गती बदलून मूळ ओळख लपविली होती. लिस्टच्या एका तबकडीची ओळख संगणकाने लास्लो सिमोन यांची तबकडी म्हणून दिली आणि शोधाला प्रारंभ झाला. त्याच सुमारास निकोलस कुक आणि क्रेग सॅप हे अभ्यासक शोपँच्या मझुर्का या रचनांच्या अनेक मुद्रणांची संगणकीय तुलना करीत होते. हॅटो यांच्या नावावरील वादन युजीन इंजिक यांच्या वादनाशी तंतोतंत जुळते, असे त्यांनाही स्वतंत्रपणे आढळले. या तबकड्यांपैकी कन्चेर्तोंच्या वेष्टनांवर रने कोलर असे संचालकाचे नाव छापले होते. या नावाचा संचालक अस्तित्वातच नव्हता. राख्मानिनॉफच्या तिसऱ्या कन्चेर्तोचे प्रत्यक्ष वादन येफिम ब्रॉन्फमन यांचे आणि संचालन एसा-पेक्का सालोनेन यांचे होते. नाव पाहून ऐकणारा श्रोता आणि शिक्का पाहून कागद अस्सल मानणारा संशोधक एकाच प्रकारे फसतात, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आंतरिक परीक्षण : ध्वनीत काळ ऐकू येतो काय ?

साधन अस्सल ठरल्यानंतर त्याचा अर्थ लावण्याचा प्रश्न येतो. संग्राहकांमध्ये तोस्कानिनी व फुर्टव्हेंग्लर यांची तुलना दीर्घकाळ चालत आली आहे. तोस्कानिनी यांनी फॅसिस्ट राजवटीला विरोध केला, १९३३ मध्ये बायरॉइट महोत्सवात संचालन करण्यास नकार दिला आणि १९३७ ते १९५४ या काळात अमेरिकेत एन.बी.सी. वाद्यवृंदाचे संचालन केले. फुर्टव्हेंग्लर नाझी पक्षाचे सदस्य नव्हते, परंतु ते जर्मनीतच राहिले व तेथे संचालन करीत राहिले. युद्धानंतर चौकशीतून निर्दोष ठरल्यावर मे १९४७ मध्ये ते बर्लिन फिल्हार्मोनिकसमोर पुन्हा उभे राहिले. त्यावेळी पाचव्या सिंफनीचे झालेले मुद्रण उपलब्ध आहे.

तोस्कानिनी यांची लय ताठ व जलद, तर फुर्टव्हेंग्लर यांची लय क्षणाक्षणाला रुंदावणारी व आकुंचन पावणारी, हा फरक कोणालाही ऐकू येतो. परंतु अनेक श्रोते येथे थांबत नाहीत. १९४४ च्या ‘इरोइका’मध्ये कोणाला पराभूत जर्मनीचा शोक ऐकू येतो, तर कोणाला राजवटीविरुद्धचा मूक निषेध. या विधानांची परीक्षा तुलनेनेच होऊ शकते. फुर्टव्हेंग्लर यांनी पाचवी सिंफनी १९२६ व १९३७ मध्येही मुद्रित केली होती, तर ‘इरोइका’ १९५२ मध्ये त्याच व्हिएन्ना वाद्यवृंदासह पुन्हा मुद्रित केली. लयीची लवचिकता नाझी सत्तेपूर्वीच्या मुद्रणातही आहे आणि युद्धानंतरच्याही. अर्थात, ती केवळ युद्धकाळाची निर्मिती मानता येत नाही. युद्धकालीन वादनाचा आवेग निराळा आहे, एवढे म्हणता येईल. त्या आवेगाचे कारण मात्र ध्वनीतून सिद्ध होत नाही. ध्वनिमुद्रिका कलावंताला निर्दोष ठरवीत नाही आणि दोषीही ठरवीत नाही. ते काम पत्रव्यवहार, शासकीय कागदपत्रे व साक्षी यांचे आहे.

तुलनेतून हाती आलेला निष्कर्ष :

संग्राहकांनी जतन केलेल्या मुद्रिकांमुळे एक महत्त्वाचा निष्कर्ष शक्य झाला. रॉबर्ट फिलिप यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात आरंभीच्या मुद्रिकांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. विसाव्या शतकाच्या आरंभी एकाच भागात लय बदलणे आणि तंतुवाद्यांवर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे ही सर्वसाधारण रीत होती, हे त्यातून दिसते. स्थिर लय आणि काटेकोर स्वच्छता ही परंपरा म्हणून सांगितली गेली, तरी ती पुढील दशकांत रूढ झाली. १९८० च्या दशकात रॉजर नॉरिंग्टन यांनी जुन्या पद्धतीची वाद्ये वापरून व बेथोव्हनचे मेट्रोनोमचे आकडे प्रमाण मानून या सिंफनी मुद्रित केल्या. त्या ‘मूळ’ स्वरूपाकडे परत गेल्याचे मानले गेले. परंतु १९१३ ची मुद्रिका शेजारी ठेवली असता भूतकाळाकडे परतण्याचा हा मार्गही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचाच असल्याचे लक्षात येते. परंपरेचा दावा आणि परंपरेचा पुरावा यांत अंतर असू शकते, हे येथे कानांनी पडताळता येते.

मर्यादा :

मुद्रिकांचा संग्रह हा संगीताचा संपूर्ण इतिहास नव्हे. काय मुद्रित व्हावे हे कंपन्यांनी बाजारपेठ पाहून ठरविले. हर्बर्ट फॉन कारायान यांना बेथोव्हनच्या नऊही सिंफनी १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत चार वेळा मुद्रित करता आल्या. तंत्र एकमार्गी ध्वनीकडून स्टिरिओकडे व पुढे डिजिटल मुद्रणाकडे गेले, तसतशी नव्या संचाची मागणी निर्माण होत गेली. याउलट, १९३० मध्ये बर्लिन फिल्हार्मोनिकचे संचालन करणाऱ्या अँटोनिया ब्रिको यांच्यासारख्या स्त्रियांना मुद्रणाची संधी फारच थोडी लाभली. ज्यांचा आवाज दप्तरात नाही त्यांचा इतिहास नाही, असे मानण्याची चूक येथेही होऊ शकते. संग्राहकाची ‘सर्वोत्तम’ मुद्रिकांची यादी ही उपलब्ध मुद्रिकांपुरतीच असते.

महाराष्ट्राचा संदर्भ :

या चर्चेचा महाराष्ट्राशी संबंध दुहेरी आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली आणि त्यांचे पुत्र झुबीन मेहता जागतिक कीर्तीचे संचालक झाले. दुसरे असे की, भारतीय संगीताच्या जुन्या मुद्रिकांनाही हीच चिकित्सा आवश्यक आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. अशा आरंभीच्या तबकड्यांच्या शेवटी कलावंत स्वतःचे नाव उच्चारीत असे. कारखान्यात चिठ्ठी लावताना ओळख पटावी, हा त्याचा हेतू होता. आज तो उच्चारच पुरावा ठरतो. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा तबकड्यांच्या नोंदींचे व अभ्यासाचे काम हाती घेतले. ते इतिहासलेखनाच्या पूर्वतयारीचेच काम होय.

समारोप :

संग्राहक हा इतिहासकार नव्हे. त्याला आवड असते, अभिनिवेश असतो आणि आपल्या संग्रहाचा अभिमानही असतो. परंतु मुद्रिका कोणाची, केव्हाची, कोणत्या तंत्राने तयार झालेली आणि मूळ गतीत वाजते की नाही, हे प्रश्न त्याने व्यावसायिक अभ्यासकांच्या बरेच आधी विचारले. त्याच्या पश्चात संग्रह विखुरला, चिठ्ठ्या व वेष्टने नाहीशी झाली, की उरते ती केवळ अनाम ध्वनीची तबकडी. संदर्भ हरवलेल्या कागदाप्रमाणेच ती मुकी होते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्या परिसरातील खाजगी संग्रहांची सूची केली, प्रत्येक तबकडीवरील मजकूर व क्रमांक उतरवून घेतले आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना साधनचिकित्सेचा पाठ एखाद्या वेळी कागदाऐवजी तबकडीवरून दिला, तर या साधनाला त्याचे योग्य स्थान मिळेल. हे काम खर्चिक नाही. मात्र संग्राहकांची एक पिढी मावळण्यापूर्वी ते होणे आवश्यक आहे.