जन्माची हजेरी

न्यायाचा साधा नियम असा की, आधी गुन्हा, मग चौकशी, मग शिक्षा. १८७१ साली इंग्रज सरकारने हा क्रमच उलटा केला. गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. एकदा सरकारी जाहीरनामा निघाला की तो बरोबर की चूक, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयालाही ठेवला नव्हता. १९११ साली हा कायदा मुंबई इलाख्यातही आला.

श्रोतेहो, आपल्या सोलापूरकडेच पाहा. तेथे कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. आतली माणसे गिरणीत राबत आणि सुटी झाली की पुन्हा कुंपणात हजेरी देत. परवान्यावाचून बाहेर जाणे हाच गुन्हा! सरकार याला सुधारणा म्हणे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे निराळा प्रश्न विचारतो. ज्याला काम सोडून जाण्याची मुभा नाही, तो मजुरीचा भाव काय करणार? चोर किती सुधारले ते असो. न पळणारा मजूर मात्र गिरणीला आयता मिळाला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, हा कायदा रद्द झाला. पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या मनातली जुनी यादी तशीच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांतून विमुक्त जमातींविषयीचा भेदभाव काढा, असे २०२४ सालीही सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले.

कायदा एका दिवसात रद्द होतो, संशय होत नाही. गावात चोरी झाली की आधी पालांकडे धावणारे पाय थांबतील, तेव्हाच ती हजेरी संपली असे आम्ही म्हणू.