कर्व्यांचा दंड आणि पेरोनीची गाठ

पुण्याहून सोलापूरला जा, नाहीतर सोलापूरहून कलबुर्गीला. गाव जवळ आलं की रुळांलगतच्या भिंती बोलायला लागतात : गुप्तरोग, धातू, लहानपणीच्या चुका, वाकडेपणा. शेवटच्या दोन गोष्टी एकाच ओळीत येतात, हीच खरी गोम. ‘हस्तमैथुन केलंस म्हणून लिंग वाकडं झालं’ हे वाक्य किती पोरांनी गुपचूप झेललं असेल, याची मोजदाद कोण ठेवणार?

मराठीत या भीतीला छापील उत्तर देणारा माणूस होता. रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला शिकून आलेले. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. वाचक लैंगिक शंका पाठवत, कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. १९३४ साली याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उत्तरं हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दलची होती. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक शंका विचारतात तर त्यांना ज्ञान मिळालंच पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. कोर्टाला तो पटला नाही. दंड झाला २०० रुपये.

आता वाकडेपणाकडे वळू. तो दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींत पोराची ‘चूक’ कुठेच नाही. थोडासा बाक तर पुष्कळांना असतो. त्याला आजार म्हणत नाहीत.

पहिला प्रकार जन्मजात. आतली आवरणं सगळीकडे सारखी वाढत नाहीत. ताठरता आल्याशिवाय बाक दिसत नाही, म्हणून तो लक्षात येतो वयात आल्यावर. नेमकं त्याच वयात हस्तमैथुनही सुरू झालेलं असतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरली!

दुसऱ्या प्रकाराला एका फ्रेंच सर्जनचं नाव आहे. फ्रान्स्वा द ला पेरोनी हा राजा पंधराव्या लुईचा शस्त्रवैद्य. १७४३ साली त्याने जपमाळेच्या मण्यांसारख्या कठीण गाठींमुळे लिंग वाकल्याचं वर्णन छापलं. उपाय म्हणून तो बारेजच्या झऱ्याचं पाणी सुचवायचा. उपाय विस्मरणात गेला, नाव टिकलं.

घडतं ते असं. ताठर लिंगाला संभोगात मुरड बसते, आतल्या चिवट आवरणाला बारीक इजा होते. बऱ्याचदा ती कळतही नाही. बहुतेकांची ती नीट भरते. काहींची भरताना वेडीवाकडी साकळते आणि कडक व्रण उरतो. व्रण ताणला जात नाही, बाकीचं आवरण ताणलं जातं, आणि लिंग व्रणाच्या बाजूला झुकतं. पन्नाशीच्या आसपास हे जास्त दिसतं. मधुमेह, तंबाखू ओढण्याची सवय, घराण्यात कुणाला असणं, यांनी धोका वाढतो. ज्यांच्या तळहातातले पट्टे आखडून बोटं वाकतात, त्यांच्यातही हे अधिक आढळतं. म्हणजे दोष आहे तो व्रण भरण्याच्या शरीराच्या पद्धतीत. चारित्र्याचा इथे काय संबंध? नेहमीच्या हस्तमैथुनाने हे होतं, याला पुरावा नाही. ताठर लिंग जोर लावून मुरगळणं मात्र घातक, ते कोणत्याही कारणाने असो.

वेळही महत्त्वाची. सुरुवातीचे महिने दुखतं, बाक वाढतो. साधारण वर्ष-दीड वर्षाने तो स्थिरावतो. शस्त्रक्रियेचा विचार सहसा त्यानंतरच होतो. तेल आणि पुड्यांत गेलेले महिने म्हणजे निदानाचेही गेलेले महिने.

सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेलं सिव्हिल आहे. तिथे केसपेपर काढताना खिडकीवर मोठ्याने काही सांगायची गरज नसते. ‘लघवीच्या जागेचा त्रास’ एवढं पुरतं. डॉक्टर बोटांनी गाठ चाचपतात, किती दिवसांपासून आहे ते विचारतात. बाक किती हे कळायला घरी, ताठर अवस्थेत, स्वतःच फोनवर काढलेला फोटो चालतो. जगभरचे मूत्ररोगतज्ज्ञ तो मागतात.