‘पूर’ आणि ‘तळघर’ : अमेरिकन विमापत्रातील दोन संज्ञांचा इतिहास

विमापत्र हा व्यवहारातील दस्तऐवज खरा. परंतु त्याचा इतिहास पुष्कळ अंशी व्याख्यांचा इतिहास असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पूरविमा हे याचे ठळक उदाहरण होय.

मिसिसिपी नदीच्या १९२७ मधील महापुरानंतर खाजगी विमा कंपन्यांनी पुराची जोखीम पत्करणे जवळजवळ सोडून दिले. आग बहुधा एखाद्या घरास लागते. पूर साऱ्या खोऱ्यास व्यापतो. शिवाय हप्ता भरण्यास पुढे येणार ते नदीकाठचेच रहिवासी. १९५६ मध्ये संमत झालेला पूरविम्याचा कायदा निधीअभावी कागदावरच राहिला. १९६५ मध्ये ‘बेट्सी’ या चक्रीवादळाने लुइझियानात हाहाकार उडविला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आणि १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा अधिनियम अस्तित्वात आला. १९७३ च्या कायद्याने धोक्याच्या क्षेत्रातील गहाणकर्जासाठी हा विमा बंधनकारक केला.

या योजनेच्या विमापत्रात ‘पूर’ शब्दास मर्यादित अर्थ आहे. एरवी कोरडी असणारी किमान २ एकर जमीन, किंवा विमेदाराच्या मालमत्तेसह किमान दोन मालमत्ता, तात्पुरत्या जलमय झाल्या पाहिजेत. आणि ते पाणी नदी वा समुद्र ओसंडल्याने, अथवा भूपृष्ठावरील पाणी असाधारण वेगाने साचल्याने आलेले असले पाहिजे. सारांश, एकट्याच्या घरात शिरलेले पाणी कितीही खोल असले, तरी तो ‘पूर’ नव्हे.

गटारातून उलट चढणाऱ्या पाण्याचा प्रश्न येथूनच उद्भवतो. असे पाणी तळघरात आल्यास भरपाई मिळते ती परिसरात पूर असेल आणि तोच हानीचे निकट कारण असेल तरच. सर्वसाधारण गृहविमाही ही हानी बहुधा वगळतो. जादा हप्ता भरून स्वतंत्र जोडकलम घ्यावे लागते. मराठीत ‘पूर येणे’ आणि ‘पाणी तुंबणे’ या भिन्न क्रिया आहेत. अमेरिकन विमेदाराचा तंटा नेमका या दोहोंमधील सीमेवर उभा असतो.

दुसरी संज्ञा ‘तळघर’. ज्या भागाची जमीन चारही बाजूंनी भूपातळीखाली आहे, ते तळघर. एक बाजू भूपातळीशी समतल असेल, तर ती खोली या व्याख्येतून सुटते. तिचा वापर कशासाठी होतो, याचा येथे विचारच नाही. १९८३ पासून तळघराचे संरक्षण संकुचित करण्यात आले. पाणी तापविण्याचे यंत्र, भट्टी, विजेचे फलक, कपडे धुण्याचे यंत्र, शीतपेटी व तीमधील अन्न यांस भरपाई आहे. गालिचे, सजविलेल्या भिंती, पलंग, पुस्तके यांस नाही. तळघर म्हणजे यंत्रे व अडगळ ठेवण्याची जागा, हे गृहीत या यादीमागे स्पष्ट दिसते.

२००५ मधील ‘कॅट्रिना’ वादळानंतर शब्दार्थाचा वाद न्यायालयात गेला. मानवनिर्मित बंधारे फुटून न्यू ऑर्लिन्समध्ये शिरलेले पाणी हा, खाजगी गृहविम्याने वगळलेला, ‘पूर’ होय काय? संघीय जिल्हा न्यायालयाने २००६ मध्ये काही विमापत्रांतील हा शब्द संदिग्ध मानला. अपील न्यायालयाने २००७ मध्ये तो निर्णय फिरविला, आणि २००८ मध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ‘पूर’ शब्दात कारणभेद नाही असेच ठरविले.

‘तळघर’ शब्दाची उणीव मात्र सप्टेंबर २०२१ मध्ये अधिक दारुणपणे उघड झाली. ‘आयडा’ वादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्कवर अतिवृष्टी केली. शहरातील मृतांपैकी बहुतेक जण तळघरांतील बिऱ्हाडांत बुडाले. त्या खोल्यांत माणसे राहत होती, निजत होती. भाडेकऱ्यास आपल्या सामानाचा पूरविमा घेता येतो. परंतु तळघरात राहणाऱ्याचे अंथरूण वा कपडे त्यात बसत नाहीत.

व्याख्या जोखमीची सीमा आखते, हे विमाशास्त्रास मान्यच आहे. परंतु जी व्याख्या जमिनीची पातळी मोजते आणि त्या जमिनीवर कोण राहतो हे पाहत नाही, ती आपल्या काळाच्या मागे पडलेली असते.