दोन आण्यांची जमीन

शंभू महादेवाची रांग सह्याद्रीतून फुटून पूर्वेकडे फलटण, माण, खटावच्या मुलखात उतरत जाते. या डोंगरांच्या उतारावर माती जेमतेम वीतभर सापडते. काळ्या पत्थराचा मुरूम होतो, मुरमाचा भुगा होतो, आणि तो साचून जरा जाड होतो न होतो तोच वळवाचा एखादा जोरकस पाऊस त्याला ओढ्यात नेऊन घालतो. उरते ती बरड: फिकी तांबूस किंवा राखी, वाळूसारखी भरड, मुठीत दाबली तरी ढेकूळ न धरणारी. सह्याद्रीच्या आडोशाला पडलेल्या या पट्ट्यात पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. पडलेले पाणी अशा मातीत पटकन मुरते, पण तिथे ठरत नाही. पावसाने दोन आठवडे ओढ दिली की बाजरी माना टाकते. गवताचे मात्र तिथे बरे चालते. कुसळी, पवन्या, शेडा ही गवते मुळांनी मुरमाच्या फटीत शिरतात आणि पहिल्या सरीला पुन्हा फुटतात.

जुन्या राजवटींना हा फरक ठाऊक होता. दख्खनेत बिघ्याचे माप सगळीकडे सारखे नसे. हलक्या जमिनीचा बिघा मोठा धरून तिचा बोजा कमी केला जाई. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल, म्हणजे सवलतीचा करार, मिळे आणि सारा इस्ताव्याने, म्हणजे वर्षावर्षाने चढत जाई. डोंगरउतारांचा मोठा भाग मात्र नांगराच्या हिशेबात नव्हताच. तो कुरण होता, गायरान होते. भीमथडीची तट्टे ज्या घोडदळात नावाजली, त्या घोडदळाला गवत लागे, आणि पेशवाईत सरकारी कुरणे राखलेली असत. धनगरांचे कळप पावसाळ्यात याच कोरड्या माळांवर राहत, कारण ओल्या मुलखात मेंढीचे खूर सडतात. पाऊस सरला की ते खाली उतरत. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेत आणि खताच्या बदल्यात धान्य देत. डोंगरावरचे गवत अशा रीतीने लेंडीखत होऊन काळ्या रानात पोचे. हा व्यवहार कुठल्याही साऱ्याच्या दप्तरात नोंदला गेला नाही, आणि पुढे तेच नडले.

कंपनी सरकारने दख्खन घेतल्यावर मुलकी अधिकारी प्रिंगल यांनी १८२७ नंतर पहिली मोठी पाहणी केली. निव्वळ उत्पन्न काढून त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यावे, असे त्यांचे गणित होते. कागदावर ते चोख होते. प्रत्यक्षात निव्वळ उत्पन्न ठरवायचे काम हाताखालच्या कारकुनांवर पडले, आकडे चुकले, लाचलुचपत झाली, आणि इंदापूरसारख्या तालुक्यांत शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने सुरुवात केली. निव्वळ उत्पन्नाचा नाद त्यांनी सोडला. कोणती जमीन कोणत्या जमिनीच्या तुलनेत किती बरी, एवढेच ठरवायचे आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून द्यायचा, ही त्यांची रीत. पाहणी अधिकारी डेव्हिडसन यांच्यासह १८४७ मध्ये लिहिलेल्या संयुक्त अहवालाने या प्रतबंदीला पक्के रूप दिले.

प्रतबंदीचे काम साधे पण चिकाटीचे होते. शेताचे नकाशावर चौकोनी भाग पाडायचे, प्रत्येक भागात जमीन उकरून मातीची खोली हातात मोजायची. मातीच्या तीन जाती: बारीक पोताची काळी, त्याहून भरड, बहुधा तांबडी, आणि तिसरी खडेयुक्त, भुसभुशीत, फिकी, म्हणजेच बरड. प्रती नऊ. पावणेदोन हात खोलीची काळी पहिल्या प्रतीची, तिची सापेक्ष किंमत सोळा आणे. त्याहून कितीही खोल असली तरी सोळाच. तिसऱ्या जातीची माती एक हात खोल असली तरी तिची सुरुवात सहाव्या प्रतीपासून. याशिवाय दोष सात: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, कणांची पकड नसणे, पाणी न मुरणे, पाण्याच्या लोंढ्याखाली येणे, उपळाची ओल. दर दोषागणिक एक प्रत खाली. अर्धा हात खोलीची बरड आठव्या प्रतीत, तीन आण्यांची. त्यात उताराची खूण पडली की नववी, दोन आण्यांची. पाव हाताची बरड तर बिनदोषाचीच नववी. डोंगरावरच्या मातीला वाळूचा आणि उताराचा असे दोन्ही दोष लागू होत, पण उतरायला खाली प्रतच उरलेली नसे.

मोजणी म्हणून हे काम उत्तम होते. माती किती खोल आणि कशी, हे इतक्या बारकाईने आधी कोणी पाहिले नव्हते. पण त्यात विचारलेला प्रश्न एकच होता: नांगराला इथे काय मिळेल? गवताची प्रत कुणी ठरवली नाही. नांगरता न येणारा तुकडा पोटखराबा म्हणून आकारातून वगळला गेला, आणि हा शब्द आजही सातबाऱ्यावर आहे.

दोन आण्यांच्या जमिनीचा सारा इतका हलका होता की वरची जमीनही लोक घेऊ लागले. कबुलायत, म्हणजे जमीन कसण्याचा करार, लिहून द्यायची, चार बरी वर्षे बाजरी किंवा हुलगा काढायचा, वाईट वर्षी राजीनामा देऊन सर्व्हे नंबर सोडायचा. कायद्याने तशी मुभा होती. पुढे अमेरिकेतल्या यादवीने कापसाचे भाव चढले तेव्हा नांगर आणखी वर गेला. उतारावरचे गवत एकदा उपटले की ते परत यायला नांगर थांबून बरीच वर्षे जावी लागतात; माती तेवढी वाट पाहत नाही. इंदापुरातली तीस वर्षांची मुदत १८६७ च्या सुमारास संपली, सारा वाढला, १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि १८७६-७७ च्या दुष्काळात जनावरे चाऱ्यावाचून मेली.

याच सुमारास १८७८ च्या जंगल कायद्याने उरलेल्या डोंगरांवर चराईची बंधने आली. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. त्याच ग्रंथात त्यांनी लष्कर आणि पोलिसांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे डोंगरावरून वाहून येणारा पालापाचोळा आणि शेणखत शेतातच अडेल, असे सुचवले. ओघळीत दगडांची ताल घालून माती धरण्याची रीत गावांना जुनीच होती. सरकारी खर्चाने ती सगळीकडे करावी, ही सूचना नवी.

सरकार तिथवर पोचायला साठ वर्षे गेली. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला आणि १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्यातून पुढे आलेले कृषिशास्त्रज्ञ कानिटकर यांनी बांधबंदिस्तीवर भर दिला, आणि १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने समतल बांधांना बळ दिले. खोल काळ्या जमिनीत हे बांध फसले, पाणी तुंबून पीक कुजले. हलक्या जमिनीत ते चालले, कारण पाणी अडले की मुरते. अडचण एकच: बांधाला लागणारी माती त्याच वीतभर थरातून खरवडावी लागे.

१९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर हे काम हजारो हातांनी झाले. पुढे डोंगरमाथ्यावर बांधाऐवजी सलग समतल चर आले, त्यांना चराईबंदीची जोड मिळाली. हिवरे बाजारसारख्या गावांत जनावरे डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून न्यायचे, असा नियम झाला, आणि ओसाड उतार पुन्हा गवताने झाकले. मात्र चराईबंदी असलेल्या माळावर धनगराच्या कळपालाही जागा नसते. त्याची वाट आता पडीक रानांतून आणि रस्त्याच्या कडेने जाते.