शाश्वत घराची आशा आणि टॉलपडलचे मजूर

सन १८३४ मध्ये इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाच्या खेड्यातील सहा शेतमजुरांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कामगार चळवळीचा इतिहास सांगणारे या खटल्याचा उल्लेख आवर्जून करतात. परंतु त्या सहांपैकी बहुतेक जण मेथडिस्ट पंथाचे निष्ठावंत ख्रिस्ती होते आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लवलेस हा त्या पंथाचा उपदेशक होता, ही गोष्ट मात्र ओझरती सांगून पुढे जातात. आज आम्हांस त्याच गोष्टीपाशी थोडे थांबावयाचे आहे. मरणानंतर आपल्याला शाश्वत घर आहे, ही आशा उराशी बाळगणारा मनुष्य या जगातील मजुरीसाठी भांडतो कसा आणि का, हा आमचा प्रश्न आहे.

ही आशा समजावयास आपणांस कठीण नाही. या जगात आपले बिऱ्हाड आहे, घर दुसरीकडे आहे, असे आपले संतही सांगत आले. वारकऱ्याला पंढरी माहेर वाटते ते याच भावनेने. ख्रिस्ती मनुष्याच्या मते ते घर देवपित्यापाशी आहे आणि ख्रिस्ताने त्याची वाट मोकळी केली आहे. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) याने हा विश्वास खाणकामगार, विणकर आणि शेतमजूर यांच्यापर्यंत नेला, आणि त्याला रोजच्या वागणुकीची शिस्त जोडून दिली. सुमारे डझनभर माणसांचा एक वर्ग, त्याचा एक प्रमुख, आठवड्याला प्रत्येकी एक पेनी वर्गणी, आणि दर आठवड्यास आपल्या वर्तनाचा झाडा. जो दारू पितो, जो शब्द मोडतो, त्याला तेथे जाब द्यावा लागे. शाश्वत घराची वाट अशी दररोजच्या हिशेबातून जात होती.

जॉर्ज लवलेस १७९७ चा. नांगर हाकणारा हा मनुष्य स्वतःच्या प्रयत्नाने लिहावाचावयास शिकला आणि तुटपुंज्या मिळकतीतून त्याने धर्मग्रंथांचा लहानसा संग्रह केला. ज्यांनी शाळेबाहेर राहून अक्षरे जमविली, त्या आम्हां मंडळींस या संग्रहाची किंमत निराळी सांगावयास नको.

टॉलपडलला आठवड्याची मजुरी ९ शिलिंग होती. ती ८ वर आली, मग ७ वर, आणि पुढे ६ करण्याची भाषा सुरू झाली. आजूबाजूच्या गावांइतकी मजुरी देण्याचे वचन गावच्या पाद्र्यासमक्ष मिळाले होते, पण पुढे पाद्र्यानेच ते नाकारले, असे लवलेसने लिहून ठेवले आहे. १८३० च्या दंग्यांत दक्षिण इंग्लंडातील मजुरांनी मळणीयंत्रे फोडली होती व त्याची जबर शिक्षा भोगली होती. लवलेसने ती वाट टाळली. १८३३ मध्ये मजुरांची संघटना काढली; प्रवेश फी एक शिलिंग आणि आठवड्याला एक पेनी. संघटनेचा हेतू हिंसेने साधणार नाही, असे नियमांतच नमूद केले. चॅपलातील पेनीचा हिशेब असा संघटनेच्या कामी आला.

नव्या सभासदाला डोळे बांधून आत आणीत. समोर मानवी सांगाड्याचे चित्र असे, आणि आपला शेवट ध्यानात ठेवावा अशा अर्थाचे शब्द उच्चारले जात. या शपथविधीवरच सरकारने बोट ठेवले. संघटना करणे १८२४ पासून गुन्हा नव्हता. म्हणून आरमारातील बंडानंतर केलेला १७९७ चा गुप्त शपथांविरुद्धचा कायदा उकरून काढला. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी सहाही जणांना पकडून सात मैलांवरील डॉर्चेस्टरला चालवीत नेले. आम्ही कोणाच्या अब्रूला, जिवाला वा मालमत्तेला धक्का लावला नाही. बायकामुलांची उपासमार टळावी म्हणून एकत्र आलो, एवढेच लवलेसचे न्यायालयापुढे म्हणणे होते.

तुरुंगातील पाद्री त्याची कानउघाडणी करू लागला की, मजुरांची स्थिती मालकांहून बरी आहे. लवलेस उत्तरला, केवळ ससे-कोल्ह्यांच्या शिकारीसाठी पाळलेले एवढे घोडे दिसत असता हे खरे मानणे कठीण जाते. दोघेही ख्रिस्ती, दोघेही परलोक मानणारे! मग फरक कोठे पडला? एकाने परलोकाच्या नावाने गरिबाला गप्प बसविले. दुसऱ्याला त्याच परलोकाने सांगितले की, देवाच्या घरी तुझी जागा मालकाच्या जागेहून खाली नाही. ज्याला हे मनापासून पटले, तो इथेही मान खाली घालून उभा राहत नाही.

परलोकाच्या आशेने कामगार मवाळ होतो, हा आक्षेप आमच्या चळवळीत जुना आहे, आणि तो पोकळ नाही. मेथडिस्ट पुढारी जेबेझ बंटिंग हे प्रस्थापित व्यवस्थेचे कट्टर कैवारी होते. इ. पी. टॉम्सन यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात मेथडिस्ट पंथाने कारखान्याला आज्ञाधारक मजूर पुरविले, असे कठोरपणे दाखविले आहे. तरीही १८७२ मध्ये इंग्लंडातील शेतमजुरांना राष्ट्रव्यापी संघटनेत आणणारा जोसेफ आर्च हा याच परंपरेतील उपदेशक होता, हे विसरता येत नाही.

संप लांबला म्हणजे मनुष्य प्रथम कशाला भितो, हे आम्ही कामगारांच्या घरांतून पाहिले आहे. तो डोक्यावरच्या छपराला भितो. मालकाच्या हाती न येणारे एक घर आपल्याला आहे असे ज्याला वाटते, त्याची ही भीती नाहीशी होत नसेल, पण तिची सत्ता कमी होते. लवलेसने बोटीवर चढण्यापूर्वी पत्नीला धीराचे पत्र लिहिले ते याच बळावर. मात्र त्या पत्राने चूल पेटत नव्हती. या कुटुंबांना गावची सरकारी मदत नाकारण्यात आली, तेव्हा लंडनच्या कामगारांनी वर्गणी काढून त्यांस जगविले. २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला, आणि मार्च १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली.

परतल्यावर पाच जण कालांतराने कॅनडात गेले. लवलेस तेथेच १८७४ मध्ये वारला. सहावा जेम्स हॅमेट टॉलपडललाच राहिला आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या अनाथ-निराधारांच्या सरकारी कोठीत त्याने प्राण सोडला. ज्याने मजुरांना संघटनेचा हक्क मिळवून दिला, त्याला शेवटी स्वतःचे छप्पर नव्हते. १९३४ मध्ये, शंभर वर्षांनी, ब्रिटिश कामगार संघटनांनी टॉलपडल येथे वृद्ध शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली आणि त्या सहांची नावे त्यांना दिली.

शाश्वत घर आहे की नाही, याचा निवाडा आम्ही या व्यासपीठावरून करीत नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. आमचे म्हणणे इतकेच की, अशी आशा कोणी सांगू लागला तर ती ऐकणाऱ्याला ताठ उभी करते की वाकविते, हे पाहावे. आणि ती सांगणाऱ्याने हॅमेटसारख्याच्या म्हातारपणच्या छपराची काळजी वाहिली की नाही, हेही पाहावे.