रिकाम्या ओटीचा इतिहास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. एखादी पाककृती देते लिहून." पण गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जे घडले ते मनातून जाईना, म्हणून इतिहास लिहावयास बसले आहे. हा इतिहास राजांचा नाही की लढायांचा नाही. आपण बायका ज्या गोष्टीविषयी दाराआड कुजबुजतो, तिचा आहे.

त्या दिवशी ओट्या भरताना एका भगिनीने माझ्या धाकट्या जावेसमोरून तबक तसेच पुढे नेले. लग्नाला आठ वर्षे झाली आणि मूल नाही, एवढाच तिचा अपराध. तिने हसून वाण घेतले व ती उठली. मी शेजारीच बसले होते आणि तोंडातून अवाक्षर काढले नाही, हे आधी कबूल करते.

माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीचेही असेच झाले होते. नवससायास झाले, उपासतापास झाले, शेवटी घरात सवत आली. सवतीलाही मूल झाले नाही. तरी गावात वांझ म्हणून नाव झाले ते थोरलीचेच! पुरुषातही दोष असू शकतो हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आजही पुष्कळ घरांत आधी सुनेच्या तपासण्या होतात आणि मुलाची अगदी शेवटी, तीही नाइलाजाने.

वास्तविक, खाल्लेले अंगी कसे लागते याचा आपल्या प्रकृतीशी संबंध आहे, हे जुन्यांना ठाऊक होते. चरकसंहितेत अतिस्थूल व अतिकृश या दोघांनाही दोष दिला आहे. बसून राहणे, फार झोपणे, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांनी प्रमेह होतो, असेही त्यात सांगितले आहे. ग्रीसच्या हिपोक्रेटिसाच्या नावावरील ग्रंथात तर असे म्हटले आहे की, एका जमातीतील स्थूल, बसून खाणाऱ्या बायकांना दिवस जात नाहीत, पण त्यांच्याच घरी राबणाऱ्या सडपातळ दासींना चटकन जातात.

पुढे १७२१ साली इटलीतील वाल्लिस्नेरी नावाच्या वैद्याने एका तरुण शेतकरी बाईची हकीकत लिहिली. ती अंगाने भरलेली होती व तिला मूल नव्हते. तिची बीजकोशे मोठी, खडबडीत व चकचकीत, कबुतराच्या अंड्याएवढी होती. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, १९३५ साली, शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी अशाच सात बायकांची माहिती छापली. त्यांनी शस्त्रक्रिया करून बीजकोशांचा काही भाग काढला, तेव्हा सातही जणींची पाळी सुरू झाली व दोघींना दिवस गेले. आज आपल्या मुली ज्याला 'पीसीओडी' म्हणतात, तो हाच विकार.

पण हे होते कशामुळे? त्याचे उत्तर निराळ्याच वाटेने आले. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. रक्तातील साखर शरीराच्या कामी लावणारा हा रस. त्यापूर्वी लहानपणी मधुमेह जडलेली मुलगी आई होण्याच्या वयापर्यंत सहसा जगतच नसे. मग १९८० साली असे आढळले की, पीसीओडीच्या बायकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसते, उलट जास्त असते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते अधिकाधिक तयार होते. हे जास्तीचे इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरके वाढविण्यास लावते. मग बीज पक्व होत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. दोष नशिबाचा नाही आणि पूर्वजन्मीच्या पापाचा तर नाहीच नाही.

कोणी म्हणेल, "आम्ही कुठे लठ्ठ आहोत?" तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम ऐका. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायकांचा त्यांनी अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील ३.५ किलोची. तरीही आपल्या किडकिडीत बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने जास्त! २००४ साली याज्ञिकांनी स्वतःचे व युडकिन या इंग्रज डॉक्टरांचे छायाचित्रच छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, पण युडकिनांच्या अंगात चरबी शेकडा ९ आणि याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१. म्हणून बारीक दिसणाऱ्या सुनेचीही साखर तपासावी.

आपल्या मुंबईनेही यात मोठी भर घातली आहे. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार व के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी नलिकेत फलित झालेल्या बीजाची मुलगी जन्मली. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो २००६ ते २०१२ मधील प्रयोग. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील साडेसहा हजार बायकांपैकी काहींना दिवस जाण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ दिला, तर काहींना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. पहिल्या गटात गरोदरपणातील मधुमेह शेकडा ७ जणींना झाला, तर दुसऱ्यात शेकडा १२ जणींना. खाडीपलीकडच्या गोराईहून नावेने येणारी भाजी आपण घासाघीस करून घेतो, तिची खरी किंमत ही.

माझ्या जावेलाही पीसीओडी निघाले व साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "वजन शेकडा ५ ते १० उतरले तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते." तेव्हापासून आम्ही दोघी पहाटे जेट्टीपर्यंत चालत जातो. तिने पावाऐवजी भाकरी धरली, चहाची साखर सोडली, औषधही वेळेवर घेते. वर्षभरात तिची पाळी नियमित झाली, साखर ताब्यात आली. दिरांचीही तपासणी झाली व त्यांच्यावरही उपचार चालू आहेत. पाळणा अजून हललेला नाही. हलेल किंवा हलणारही नाही. पण ती आता रात्री रडत नाही, आणि पुढे मधुमेहाने गाठू नये म्हणून चालणे सोडणार नाही असे म्हणते.

भगिनींनो, मंडळाकडे माझ्या दोनच विनंत्या आहेत. ज्या मुलींची पाळी दोन-तीन महिने लांबते त्यांना "लग्न झाल्यावर होईल नीट" असे न सांगता वेळीच डॉक्टरांकडे न्यावे, आणि वर्षातून एकदा मंडळात साखर तपासणीचे शिबिर भरवावे, ही पहिली. दुसरी विनंती तबकाची आहे. येत्या संक्रांतीला मूल असो वा नसो, नवरा असो वा नसो, आलेल्या प्रत्येक बाईची ओटी भरावी. तबक मी धरीन, आणि पहिली ओटी माझ्या जावेची भरीन. त्या दिवशी गप्प बसले होते, त्याची तेवढी तरी भरपाई होईल.